कर्कश म्हंजे नेमकं काय, दाजी?

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ मे १९९८

तीर्थरूप आकाराम दाजींना सयाजीचा दंडवत. आक्काचं गुडघं कसं हायत? तुमची मास्तरकी पेन्शनीतही सुटली नसंल, म्हणून एक शब्द विचारतो. (फोनच करणार होतो, पण एसटीडीवाला म्हणाला, हातकणंगल्याला फोन कशाला लावताय, असंच बोला की. त्याला काय सुचवायचं होतं कुणास ठाऊक.)

त्याचं असं झालं. आमच्या संयोगिताला बघायला जयसिंगपूरचं पावणं आलतं. मी गिरणीतनं अंगावरचं पीठ झाडून तसाच येऊन बसलो. पोहे झाले, बोलणी झाली. आठ दिवसांनी चिठ्ठी आली, मुलगी पसंत आहे, पण घरातला आवाज फार कर्कश वाटला, विचार करून कळवतो. आता घरातला आवाज म्हंजे कुणाचा? पोरगी तर नाव सांगून गप बसली होती. मग राहिली तिची आई, शालन. तिला तसं म्हटलं, तर चार दिवस ती माझ्याशी बोलंना झालीय, त्यामुळं आवाज तपासायचीही सोय न्हाय.

म्हटलं, आधी अर्थ तरी बघू. वाचनालयात जाऊन हळूच विचारलं, तर पेपर वाचणारी सगळी माणसं दचकून बघायला लागली. (एकाचा चष्मा पडला, त्याचं खापर माझ्यावर.) कोशात बघितलं, शब्द संस्कृतातला, मूळ अर्थ कठीण, खरखरीत. म्हंजे हाताला लागणारं. आवाज हाताला कसा लागतो, ते कोश सांगत न्हाय. शेजारचं म्हातारं म्हणालं, कर्क म्हंजे खेकडा, त्यावरनं आला असंल. खेकडा वरडल्याचं मी तरी ऐकलं न्हाय. बरं, गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत न्हाय, मी टाकी मारून तो परत खरखरीत करतो. म्हंजे खरखरीत असणं चांगलंच की. मग पावण्यांनी नावं ठेवली का कौतुक केलं? माझं डोस्कं चालंना झालंय.

आपला,
सयाजी

ता. क. पत्र मोठ्यानं वाचून बघत होतो, तर संयोगिता आतनं येऊन म्हणाली, आबा, तो आवाज तुमचा. बावीस वर्षं मी गिरणीवर वरडून बोलतोय, मला वाटायचं कुजबुजतोय. पावणं रविवारी परत येणार हायत आणि पोरीला स्थळ मनापासनं आवडलंय. तेव्हा माझ्या जागी तुम्ही बसा. मी गिरणीतच थांबतो.

ता. क. २. हे शालनला सांगू नका. गिरणीनं माझं कान गेल्यात. मागल्या वेळी पावणं तासभर हळू आवाजात बोललं, त्यातलं मला कायबी ऐकू आलं न्हाय, मी आपलं सगळ्याला व्हय व्हय म्हणत गेलो. काय काय कबूल करून बसलोय, ते तेवढं हळूच विचारून घ्या.