आणि की किंवा

झेफरहिल्स, फ्लोरिडा
६ एप्रिल १९९७

ती. नेडीनताईस,
आर्डिथचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कंबर जरा बरी आहे, पण तुझ्याकडे जॉर्जियात कायमचं यायचं हे आता नक्की. ह्या तयार घरांच्या पार्कातलं माझं घर विकलं की निघालेच. मिशिगनचं हॉफमायर म्हणून एक जोडपं घर बघून गेलं. बाईंना माझं जाळीचं पोर्च इतकं आवडलं की तिथून उठायलाच तयार नव्हत्या. मेअखेरपर्यंत थांबतो म्हणाले, मग दुसरीकडे बघणार.

आणि इथंच घोळ सुरू झाला. जागेच्या भाड्याचे सगळे कागद घेऊन मी सरकारी कचेरीत गेले, तर खिडकीतली पोरगी म्हणते, आजी, हे जमिनीचं झालं, घराच्या मालकीचा कागद कुठाय? म्हटलं, घराचा वेगळा कागद कसला गं? तर म्हणे चाकांवर आणलेलं घर म्हणजे सरकारच्या लेखी गाडीच, त्याला गाडीसारखाच कागद असतो. अगं, आणून ठेवल्यापासून हे घर वीतभर हललेलं नाही, वादळातसुद्धा नाही! पण ती ऐकेल तर शपथ.

सगळं घर उलथंपालथं केलं. कागद नाही. म्हणजे व्हर्लिन मला सोडून गेला तेव्हा तोच घेऊन गेला असणार. नवरा गेला तो गेला, वर घरही खिशात घालून गेला! त्या मेल्याकडे हात पसरायची वेळ येऊ नये, एवढंच मागणं आहे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो सध्या थोडा वाढव.
तुझी,
आर्डिथ

वाल्डोस्टा, जॉर्जिया
१४ एप्रिल

चि. आर्डिथ हिस,
ताईचे अ. आ.

बरी फजिती झाली की तुझी! तुझे भाऊजी हसून हसून लाल झाले. म्हणाले, गाडीच आहे तर चालवतच घेऊन ये म्हणावं. तुझी खोली पिवळी रंगवून घेतली आहे. रंग नाही आवडला तर डोळे मिटून झोप.

आता रागावू नकोस. व्हर्लिन अलाबामात आहे, डोथनला. दर नाताळला त्याचं कार्ड येतं. तुला सांगितलं नाही, कारण मागं त्याचं नाव काढलं तर तू पीचच्या गोड कॉबलरचं अख्खं भांडं आपटलं होतंस. कागदाबद्दल त्याला लिहू का?

कंबरेला जप आणि वाकू नकोस.
तुझी,
ताई

झेफरहिल्स
२२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खबरदार लिहिलंस तर! माझी बहीण ना तू? मग त्याची कार्डं कसली ठेवतेस?

इथं रोज नवीनच ऐकायला मिळतं. रविवारी पार्कातल्या जेवणाला शेजारची मर्टिस म्हणाली, कागदावर नवराबायको दोघांची नावं असतील तर मधला शब्द कोणता ते बघ. ‘आणि’ असेल तर विकायला दोघांच्या सह्या लागतात. ‘किंवा’ असेल तर कुणाही एकाची पुरते. घर घेतलं तेव्हा अर्ज त्यानं भरला. मी कार्पेटचे रंग बघत होते, मला काय ठाऊक त्यानं काय खरडलं ते!

कचेरीत म्हणाले, घराचा नंबर आणा. नंबरची पट्टी सिंकखालच्या कपाटात सापडली, तीही मीच दिलेल्या रंगाखाली. आडवी पडून बटर नाइफनं खरवडली. (हो, वाकले. ओरडू नकोस.) नंबर नेऊन दिला, तर म्हणे जुनी नोंद राजधानीतून, टॅलाहासीहून मागवावी लागेल. किती दिवस? एक म्हणते महिना, दुसरी म्हणते दोन, तिसरी जेवायला गेलेली. हॉफमायरबाईंचे दोन फोन येऊन गेले. मला काही सुधरत नाही बघ. ह्या पत्रातसुद्धा ‘आणि’ लिहायचा आला की हात अडखळतो.

चिडले आहे, पण तुझीच,
आर्डिथ

झेफरहिल्स
९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहिलंसच ना शेवटी? काल डोथनहून पाकीट आलं. आत आपला कागद, घडीवर पार झिजलेला. चिठ्ठी नाही, चपाटी नाही, पाकिटावर त्याचा पत्ताही नाही. मी आधी मधला शब्द बघितला. ‘किंवा’! ताई, ‘किंवा’ आहे गं! मी एकटीनं सही केली की झालं, त्या माणसाची परवानगी नको की उपकार नकोत. मर्टिसला मिठीच मारली.

गुरुवारी हॉफमायर येताहेत. पिवळ्या खोलीला सांग, मी निघाले.
तुझी आनंदात असलेली,
आर्डिथ

वाल्डोस्टा
१३ मे

चि. आर्डिथ हिस,
अ. आ.

सुटलीस बाई एकदाची! पण एक गोष्ट मनातून जात नाही. तुला त्याची सही नको, तशी त्यालाही तुझी नको होती. आणि कागद त्याच्याचजवळ होता. तो कामाला होता ती गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात तो आपल्या ट्रकमध्ये झोपायचा. हे त्यानं नाही, त्याच्या बहिणीनं मला सांगितलं. एका सहीसरशी घर विकून त्याला पैसे मिळाले असते आणि तू रस्त्यावर आली असतीस.

मी त्याची बाजू घेत नाही. तुला टाकून गेला हे वाईटच केलं. पण सांगितल्याशिवाय राहवेना.

तुझी,
ताई

झेफरहिल्स
१७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सही करून झाल्यावर मिळालं. घर विकलं. हॉफमायरबाई पोर्चमध्ये बसल्या आहेत आणि मी खोक्यांमध्ये.

ताई, मला काहीच कळेनासं झालंय. इतकी वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, त्या चुकीच्या नव्हत्या. तरी मी इथं निवांत झोपत होते आणि तो ट्रकमध्ये त्या कागदावर झोपत होता. सोडून जायचं होतं तर विकायचं होतं. विकायचं नव्हतं तर जायचं कशाला होतं? आणि कागद नेला तरी कशाला? रडू येतंय, आणि रागही येतोय की ह्या वयात हा माणूस मला रडवतोय.

सकाळपासून त्याला पत्र लिहायला बसले आहे. कागदावर नुसती तारीख आहे. परक्याला घालतात तो मायना त्याला घालवत नाही, आणि नवऱ्याला घालतात तो माझ्या हातून उतरत नाही. तुझ्या कार्डांतून त्याचा पत्ता काढून पाठव. आणि मायना काय घालू, तेवढं तूच सांग.

तुझी,
आर्डिथ