दाराशी बसलेली पाहुणी

१७ नोव्हेंबर, सोमवार

जाफराबादचं प्रशिक्षण शनिवारी संपलं. दोन वाक्यं घेऊन आले — मूल बघतं तेच खेळतं. खेळात मोठ्यांनी मधे पडू नये. वाक्यं चांगली आहेत. पाठ दुखते.

मुलं खिचडी खात असताना दीपमालाताईंनी, आमच्या मदतनीसबाईंनी, न सांगता चहा ठेवला. मी खुर्चीत कप घेऊन, त्या दाराशी त्यांचा पेला घेऊन. दोघी गप्प. अंगणवाडीत एवढंच सुख.

१८ नोव्हेंबर

कोपऱ्यात बाहुलीघर मांडलं. किटली, प्लास्टिकचे कप, एक करवंटी. मुलं तुटून पडली. गिरिजाबाईंची नात शालू लगेच घरमालकीण झाली. पाहुण्यांना कपात चहा. साक्षीला करवंटीत! "तू तिकडं दाराशी बस." साक्षी बसली. कप शिल्लक होता.

चार वर्षांची पोर! साक्षी दीपमालाताईंची पुतणी, बौद्धवाड्यातली — म्हणून वेगळं भांडं? आजही? मूल बघतं तेच खेळतं. म्हणजे घरी बघितलं.

मी मधे पडले नाही. तत्त्व म्हणून की थकवा म्हणून, सांगता येत नाही. दीपमालाताईंनाही बोलले नाही.

१९ नोव्हेंबर

पुन्हा तेच. साक्षी आज सांगायच्या आधीच दाराशी जाऊन बसली.

२० नोव्हेंबर

बघवेना. खेळात शिरले. म्हटलं, मला करवंटीत दे चहा. शालू घाबरली — "बाई, ती तुमची न्हाई." मग कुणाची? तिनं करवंटी पाठीमागे लपवली. खेळ मोडला. मुलं पांगली.

आणि रडली कोण? साक्षी. माझ्यामुळे! तिला तो खेळ हवा होता. दाराशी का होईना, ती पाहुणी होती.

२१ नोव्हेंबर

संध्याकाळी गिरिजाबाईंकडे गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती. मुलांदेखत घरात काय चालतं ते जरा बघा, म्हटलं. त्या वेचलेला कापूस साफ करत होत्या. हात थांबला.

"काय बोलून राह्यल्या बाई तुम्ही! दीपमाला परवाच आल्ती. ह्याच कपात, हितंच बाजंवर बसून चहा पिऊन गेली. आमच्यात तसलं बिलकुल न्हाई." मग निघताना — "लेकरू दिवसभर तुमच्यापाशी, आन् शिकवलं म्हणं आम्ही!"

विश्वास बसला नाही. सगळे असंच म्हणतात.

२२ नोव्हेंबर

साक्षी आली नाही. ताप आहे म्हणे. दीपमालाताई नेहमीसारख्याच. मला त्यांच्याकडे बघता येईना. शालूच्या घराची लाज मी का वाहावी? बाहुलीघर उचलून ठेवावं का — अजून ठरत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शालूला जवळ घेतलं. साक्षीला वेगळं का गं?

"ती दीपमालामावशीची हाय ना."

मग?

तिनं खिडकीकडे बोट केलं. तिथे दीपमालाताईंचा पेला पालथा घातलेला होता. कपाटातल्या कपांपासून लांब. रोज असतो तिथेच.