देवीचा कौल झाला, कंपनीचा बाकी

चिरंजीव विनोद यास,

हरिश्चंद्रकाकाचे अनेक आशीर्वाद. तुझी पाठ, सूनबाईंचं पित्त आणि ईशाची परीक्षा ही तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे माझा गुडघा सोडला तर सगळे ठणठणीत आहेत. हे फोनवरही सांगता आलं असतं; पण गाऱ्हाणं फोनचंच आहे, ते त्याच्याच तोंडून सांगणं मला बरं दिसेना.

गणपतीत तू आईसाठी आणलेला नवा फोन देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. आनंदीवहिनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधते आणि ओहोटीला बायकांबरोबर खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढायला उतरते. (तू नको म्हणालास, मीही नको म्हणालो. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि टोपली उचलली.) चिखलात वाकलेल्या माणसाला पाणी कधी फिरलं ते कळत नाही, म्हणून लवूच्या नम्रताने, दापोलीला शेतकी शिकते ती, एक ॲप केलं. दाभोळच्या तोंडाशी लागलेली भरती आपल्याकडे पोचायला पाऊण तास घेते हे जगातल्या दुसऱ्या कुठल्याच ॲपला ठाऊक नाही. हिने तीन महिने खाडीत काठी रोवून मोजलं. पाणी फिरलं की फोन ओरडतो, "पानी फिरला गो, बायांनू! वर या!" आवाज तुझ्या आईचा, कारण तिच्या हाकेकडे काणाडोळा करायची गावात कुणाची छाती नाही. जुन्या फोनवर हे दोन महिने झकास चाललं. मग तो फोन चिखलात गेला आणि तुझा आला.

तुझ्या फोनने ॲप घ्यायला साफ नकार दिला. बनवणाऱ्याची ओळख कंपनीकडे नाही, सबब तुमच्या सुरक्षिततेसाठी अडवलं आहे, म्हणे. नम्रताची ओळख नाही! तिच्या बारशाच्या घुगऱ्या मी वाटल्या आहेत. आणि याच फोनमध्ये पत्त्यांच्या जुगाराचं ॲप कुणाला न विचारता पाट मांडून बसलंय. फोन आपला, बोट आपलं, खाडी आपली, आणि हो-नाही म्हणणारा कुठल्या मुलखात बसलाय देव जाणे. मागल्या अमावास्येला त्या सुरक्षिततेपायी वहिनी छातीभर पाण्यातून बाहेर आली. टोपली गेली. ती घाबरली नाही. मी घाबरलो.

आता माझा पराक्रम ऐक. फोनवर 'परवानगी नाही' असं आलं होतं. आपल्याकडे परवानगी मागायची जागा एकच. मी गावकी जमवली, फोन देवीपुढे ठेवला, केरू गुरवाने रीतसर गाऱ्हाणं घातलं आणि कौल लावला. अर्ध्या तासात देवीच्या उजव्या अंगाची कळी पडली, म्हणजे होकार. स्वच्छ कौल! मी सगळ्यांदेखत बटण दाबलं आणि फोन पुन्हा नाही म्हणाला. केरूचा पारा असा चढला की विचारू नकोस. "देवीपेक्षा मोटा ह्यो सायब कोन?" असं तो फोनलाच विचारत होता.

पण गाव जमलंच होतं, तेव्हा नम्रताने समजावून सांगितलं. कंपनीच्या दुकानात ॲप ठेवायचं तर आधी तिची नोंदणी. मग बारा माणसांनी ते सलग चौदा दिवस फोनवर ठेवायचं. बाराव्याचं नाव भरेपर्यंत एकालाही मिळणार नाही, आणि मधेच एक गळला तर सगळ्यांचं बंद. नोंदणी झाली. ('पिंपळाखालचं घर' हा पत्ता दोनदा परत आला, शेवटी ग्रामपंचायतीने घराला नंबर दिला, जो लवू अकरा वर्षं मागत होता. कंपनीचे एवढे उपकार.) बारा हात वर झाले, त्यात केरूचाही. खरं सांगतो, मला भरून आलं. नऊ दिवस सगळं सुरळीत. दहाव्या दिवशी बाबल्या सुताराने ॲप काढून टाकलं. घरची एक ओरडते ती पुरे, म्हणाला. पण पोर खचली नाही, पुन्हा नावं भरायला बसली आहे. ती हार मानणार नाही, तेव्हा कंपनीलाच मानावी लागेल असं मला वाटू लागलंय. तोवर ओहोटीला मी काठावर थाळी आणि पळी घेऊन बसतो. गुडघ्याचं कारण तेच.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा,
थाळीवाला काका

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. गावातले बाकीचे फोन बटणांचे आहेत, तेव्हा बारावा फोन तुझा पाहिजे. दिवसातून दोनदा वाजेल, बहुधा साहेबासमोरच. चौदा दिवस सोस.

पुन्हा ता. क. : वहिनीला हे पत्र कळू देऊ नकोस, "त्येला कशाला तरास" म्हणेल. आणखी एक. आवाज भरताना यंत्र बंद झालं असं समजून तिने हाकेनंतर हळूच विचारलं, "विनू जेवला असंल काय रं?" नम्रता ते कापणार होती, गावकीने कापू दिलं नाही. (बाबल्याचं खरं दुखणं हेच. दिवसातून दोनदा मी काय उत्तर देऊ, म्हणतो.) बाकी अकरा जण फोनला "जेवला असेल" म्हणून सांगत होते. बाराव्याने खरं काय ते आईला कळवावं.