पत्र्याचा हत्ती आणि माझी सचोटी

३ मार्च
हत्ती अस्सल आहे. लिलावघरातल्या तज्ज्ञाने फोटो पाहून आज फोनवर पक्कं सांगितलं. चावीचा, पत्र्याचा, सोंड हलवणारा. पुढच्या महिन्यात लिलाव. मी घेतला तेवढ्या पैशांत दोघांचा चहासुद्धा होत नाही.
बायको म्हणाली, मग जाऊन सांगा ना, ज्यांच्या दुकानातून आणलात त्या मावशींना. म्हटलं, भाव त्यांनीच सांगितला, मी घासाघीससुद्धा केली नाही. (केली. थोडी. सवयीने.) शिवाय माझ्या इतक्या वर्षांच्या अभ्यासाला काही मोल आहे की नाही? ती म्हणाली, अभ्यास तुमचा, हत्ती त्यांचा. हिला व्यवहार कळत नाही.

७ मार्च
दुकानात गेलो. मावशींचे यजमान जुनी खेळणी गोळा करायचे. ते गेल्यापासून मागच्या खोलीत त्यांची ट्रंक पडून आहे. आज मावशींनी उघडून दाखवली. अख्खी सर्कस! घोडेस्वार, विदूषक, रिंगमास्टर, सगळे मूळ खोक्यांत. माझा हत्ती याच सेटमधला. हात खिशात घातले.
चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हा आम्हा संग्राहकांतला पहिला नियम. तोंड वाकडं करून म्हटलं, मावशी, तो हत्तीही भंगारच निघाला. आणि ही खोकी कशाला ठेवलीत? झुरळं होतील.
मावशींनी विचारलं, हे विकून गुडघ्याचं ऑपरेशन होईल का हो भाऊ? म्हटलं, गुडघ्याला बांधायची पट्टीसुद्धा येणार नाही. हे खोटं नव्हे. मत आहे.
संकल्प: घाई नाही. मावशी कंटाळून स्वतःच ट्रंक माझ्या गळ्यात घालतील. सगळं विकलं गेलं की त्यांना एक छानशी काठी घेऊन द्यायची. चांगल्या लाकडाची.

१४ मार्च
राहवलं नाही, डोकावलो. खोकी जाळली! मावशींनी कौतुकाने सांगितलं, तुमचं ऐकलं, भाऊ, आंघोळीचं पाणी तापलं त्यावर. खोक्यासकट खेळण्याला दुप्पट भाव येतो. हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाही.
घरी डोकं धरून बसलो. बायकोला म्हटलं, लोकांना जुन्या वस्तूंची कदर राहिली नाही.
संकल्प: ट्रंक लगेच घ्यायची. म्हणजे पुढच्या आठवड्यात. उद्या गेलो तर संशय येईल.

१९ मार्च
गेलो. उशीर झाला. मावशींनी ऑपरेशनचा नाद सोडलाय. दुकान बंद करून धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार. ती सामान बांधायला आलीय. ट्रंक भंगारात.
म्हटलं, मीच घेतो, दोन पैसे जास्त देतो. मावशींनी कानाला हात लावले. म्हणाल्या, तुमच्यासारख्या भल्या माणसाच्या गळ्यात कचरा मारू? मी आग्रह केला, तशी बहिणीने मान वर केली. म्हणाली, अगं ताई, कचऱ्याला हे जास्त का देतायत? भारी चोंबडी बाई. घाईघाईने म्हटलं, छे छे, दया म्हणून.
खरं सांगून टाकावं, असं क्षणभर वाटलं. पण मग हत्तीचा विषय निघाला असता.

२१ मार्च, संध्याकाळ
मावशींचा फोन. मी बाथरूममध्ये होतो, बायकोने घेतला. भंगारवाला उद्या दहाला येतोय. पत्रा पायाखाली चेपला की पोत्यात जास्त मावतो, म्हणून अंगणातच चेपणार. बहिणीची खात्री पटत नाही, म्हणून मी समोर उभा राहून सांगायचं, भंगार आहे.
आणखी एक. हत्ती भंगार निघाल्यापासून मावशींना रात्र रात्र झोप नाही. उद्या तोही घेऊन यायचा. पैसे परत देतील आणि त्याच पोत्यात टाकतील. बायकोने परस्पर कबूल केलं. म्हणाली, आणतील हो, तेच म्हणत होते.
हिला म्हटलं, वेड लागलंय का? म्हणाली, मग खरं सांगा, मावशींचा गुडघाही होईल. म्हटलं, माझं नाव आहे या लाइनमध्ये.
हत्ती पिशवीत घालून तिने दाराशी ठेवलाय. चावी दिलेली असावी. आत सोंड हलतेय.
दहापर्यंत काहीतरी सुचेल.