शेवटचं कोण?

सेगोव्हिया, मार्च

प्रिय त्सोनका,

मी सुखरूप आहे. तू आणि तुझी आई तशाच असाल, असं धरून लिहितो. आपली लेक रुम्याना माझं सगळं करते, फक्त दिवसभर कामावर असते. द्राक्षवेल छाटलीस का?

डोळ्याचं काम मार्गी लागलं. आधी दोनदा दवाखान्यातून तसाच परत आलो होतो. इथे रांग लावत नाहीत. आत येणारा विचारतो, "शेवटचं कोण?" जो हात वर करील, त्याच्यामागे आपला नंबर. मला स्पॅनिश बोलायची भीती, म्हणून मी दाराशी नुसता उभा राहायचो आणि सगळे पुढे जायचे.

काल एक बाई म्हणाली, "आजोबा, दाराची राखण करताय का? विचारा की!"

विचारलं.

"मीच. आता माझा नंबर सांभाळा, पाव घेऊन येते."

ती लवकर येईना. तिचा नंबर आला तसा माझ्यामागचा माणूस उठला. मी आडवा आलो. "आधी बाई, मग मी."

"कुठाय बाई? मग तुम्ही तरी जा!"

"येते आहे," मी म्हणालो. आणि ती खरंच आली.

मोतीबिंदू आहे, ईस्टरनंतर काढतील. किरकोळ असतं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्या दिवशी सोबत कोण? मला समजलं, आणि मी तुझं नाव सांगितलं. तू इकडे आलीस तर आईजवळ शेजारची नेवेना राहील का, विचारून बघ.

थंडीत अनवाणी फिरू नकोस.

तुझाच,
मेतोदी