पांढऱ्या घड्याळाची तुटलेली कडी

प्रिय ठमे,

शाळेच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकली असशील. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचू नकोस. फोनच केला असता, पण तुझा फोन हल्ली तुझ्याआधी तुझा नवरा बघतो, गावाला गेला तरी, हे तू सांगितलं नसलंस तरी मला कळतं. मी विचारते एक आणि उत्तर येतं भलतंच, तेही सरकारी अर्जासारखं.

घड्याळ मिळालं. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस की न्हाणीघरात फरशीवर पडलं, कडी तुटली, तो रविवारी दौऱ्यावरून यायच्या आत तश्शीच नवी बसवून दे, त्याला कळता कामा नये. मी आधी हसलेच. लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हा तुकडे माझ्या पलंगाखाली सरकवून मोकळी झाली होतीस, तसलाच प्रकार वाटला. मग ते 'कळता कामा नये' पुन्हा वाचलं आणि घड्याळ नीट उलटून पाहिलं.

हे घड्याळ मीच सुचवलं होतं, आठवतंय ना? स्टीलचं घातलं की तुझं मनगट लाल व्हायचं, खाजवून खाजवून आईची बोलणी खायचीस. म्हणून लग्नाआधी तो आमच्या घड्याळांच्या दुकानात आला तेव्हा मी सिरॅमिकचं पुढे केलं आणि त्याची वकिलीही केली. पांढरी भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजतात, भाजताना ती आक्रसते आणि मग इतकी टणक होते की हिऱ्याशिवाय कशालाच दाद देत नाही. पुरळ नाही, थंडीत गार लागत नाही, हातात वजन जाणवत नाही, रंग उतरत नाही. स्टील बघता बघता ओरखड्यांनी भरतं, हे वर्षानुवर्षं कोरं. त्याला नेमकं तेच भावलं. उजेडात फिरवून फिरवून बघत होता, कुठे डाग आहे का. जावई पारखी आहे म्हणून आई हरखली. मीही हरखले, खोटं कशाला बोलू.

पण सिरॅमिक वाकत नाही, ठमे. एकतर जसंच्या तसं राहतं, नाहीतर तडकतं. फरशीवर पडलं तर कोपरा उडतो, आपटल्याची जागा दिसते. गिऱ्हाईकं तसली घड्याळं घेऊन येतच असतात. तुझ्या घड्याळावर आपटल्याची खूण कुठेच नाही. मनगटाच्या आतल्या बाजूची कडी मधोमध तुटलीय आणि शेजारचं टायटॅनियमचं लॉक पिळवटलंय. पट्ट्यासकट हात धरून मुरगाळल्याशिवाय असं होत नाही. भिंगाखाली धरलं तर तुटलेल्या कडीत निळ्या लोकरीचा धागा अडकला होता. मी विणलेल्या त्या स्वेटरचा, ज्याच्या बाह्या लांब झाल्या म्हणून तू मला नावं ठेवलीस. धाग्यावर रक्त सुकलेलं होतं.

मी चिमटा ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. मालकांना म्हटलं, डोकं दुखतंय. मग आठवलं, आईच्या वाढदिवसाला तू भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालून आली होतीस आणि आम्ही सगळ्यांनी तुला शिष्ट म्हणून चिडवलं होतं. तूही हसलीस. इतका राग आलाय ना मला, त्याचा आणि तुझाही.

तसलीच कडी माझ्या खणात आहे. बसवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागणार नाही, आणि त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी त्याला ओळखू येणार नाही. म्हणूनच मी ती बसवणार नाही. घड्याळाविना तू त्याच्यासमोर उभी राहिलीस तर काय होईल, या विचाराने हात पुन्हा चिमट्याकडे गेला होता. मग ठरवलं, तू त्याच्यासमोर उभीच राहायचं नाहीस. शनिवारी शाळा सुटेल तेव्हा मी मागच्या फाटकापाशी टॅक्सी घेऊन थांबलेली असेन. आईला सांगितलंय. तिचं रडून झालं, आता तुझी खोली झाडतेय. सामान आणायला त्या घरी जाऊ नकोस, माझे कपडे घाल, ढगळ होतील तर होऊ देत. यायचं नसेल तर फाटकाशी येऊन, माझ्याकडे बघून नाही म्हण. मी ऐकणार नाही, पण म्हण.

तुझीच,
ताई