पोत्याला जागा नाही

भंडारा, सोमवार, २३ नोव्हेंबर १९८१

दिवाळीची सुट्टी संपवून मुली होस्टेलवर परतल्या. कोंढ्याच्या सुशीलानं तांदळाचं पोतं दारातच टेकवलं. तोंड सुतळीनं घट्ट शिवलेलं. होस्टेलच्या नव्या बांधकामाचा नकाशा भिंतीवर लावलाय, तो बघून म्हणाली, "मॅडम, खोल्या मोठ्या होऊन राहिल्या ते बेस झालं. पण आमचं पोतं कुठं ठेवाचं?"

मी नकाशा पुन्हा पाहिला. पलंग आहे, टेबल आहे, लोखंडी कपाट आहे. पोत्याला जागा नाही. मुलींच्या चुलींची खोली पाडून तिथे मेस दाखवली आहे.

आणि खाली सही माझी! सात वर्षं वॉर्डन आहे, रोज या मुलींना घरचा तांदूळ शिजवताना बघते. कपाटांना भुलले, दुसरं काय?

"मेसमध्ये जेव ना," मी उगाच म्हटलं.

"घरी धान हाये मॅडम, नगद नाही. मेस झाली तं बाबा मले वापस नेतीन."

नाही नेणार. उद्या इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात जाते. नकाशा नेत नाही, तो त्यांना पाठ आहे. हे पोतंच रिक्षात घालून नेते, त्यांच्या टेबलावर ठेवते, आणि पोत्याची जागा अन् चुलींची खोली आखून होईपर्यंत उचलत नाही.

सुशीलाला पोतं मागितलं. जरा विचार करून म्हणाली, "नेजा मॅडम. पण शिवलेलं नेजा, शिवलेलंच आणजा."